लोकल रद्द केल्याचे परिणाम

डोंबिवलीहून सकाळी आठच्या आगेमागे सुटणाऱ्या जलद गाडीने एकोणीस वर्षे लोंबकळत गेलेला माणूस कादंबरी लिहायला बसला, तर तो पहिल्याच पानावर काय करील? मी लोकल रद्द केली. नुसती गाडी नव्हे, तिचे रूळ, रुळांखालचा भराव आणि त्या भरावावर उभी असलेली मुंबई असे सगळेच मी समुद्राला परत करून टाकले आणि त्या जागी कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम ही सात बेटे पूर्वीसारखी सुटी सुटी मांडून ठेवली. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली. पुढे पुस्तक निघाले आणि प्रकाशकांनी दुसरा भाग मागितला, तेव्हापासून झोपेचे काही खरे नाही.

इतिहास बदलण्यासाठी मी फारशी मोडतोड केली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत शिरत असे आणि बेटांमधला सखल भाग भरतीला पाण्याखाली जात असे. ते खिंडार बुजवण्यासाठी गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत जो बांध घातला जात होता, तो पुन्हा पुन्हा ढासळत होता; अखेर त्या कामावरच्या रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांच्या स्वप्नात देवी आली, तिने सांगितल्याप्रमाणे समुद्रातल्या मूर्ती वर काढण्यात आल्या, मग बांध टिकला आणि १७८४ च्या सुमारास पुरा झाला, अशी आख्यायिका आहे. यात मी फक्त डास घातले. माझ्या कादंबरीत त्या रात्री रामजींना डासांनी डोळा लागू दिला नाही, त्यामुळे स्वप्न पडायचे राहिले, मूर्ती पाण्यातच राहिल्या आणि बांध शेवटचा म्हणून जो ढासळला तो ढासळलाच. देवी खाडीतच राहून भरती-ओहोटीचा कारभार पाहू लागली. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ही बेटे कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली होती, तो करारही मी तसाच चालू ठेवला. डोंबिवलीत दोन खोल्यांचे भाडे भरणाऱ्या लेखकाला निदान कल्पनेत तरी असा घरमालक भेटायला हवा.

पहिल्या भागाच्या पाचशे प्रती निघाल्या आणि त्यांतल्या पावणेदोनशे अजून आमच्या दिवाणाखाली आहेत. तरीही प्रकाशकांना दुसरा भाग हवा होता, कारण अद्भुत कादंबरी एकटी विकली जात नाही, ती भावंडांसह विकली जाते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. माझीही चूक होतीच. पहिल्या भागाच्या शेवटी माझी नायिका द्वारकी, जी पाण्याशी बोलू शकते, ती आषाढातल्या एका संध्याकाळी माहीमच्या धक्क्यावर उभी असते. तिला शत्रूचा कट समजतो, आणि ‘पहाटेच्या आत कुलाबा गाठलाच पाहिजे!’ या उद्गारावर कादंबरी संपते. हा उद्गार लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. आता त्या उद्गाराच्या पुढचे वाक्य मी नऊ महिने शोधत होतो.

“माहीमहून कुलाबा?” पत्नी भाजी निवडता निवडता म्हणाली. “चर्चगेटपर्यंत अर्ध्या तासाच्या वर नाही लागत. पुढे बस मिळते.”

“अगं, पण गाडी नाही.”

“का नाही?”

“मीच बंद केली.”

तिने शेंगांवरची नजर काढून माझ्याकडे पाहिले. लग्नाला सतरा वर्षे झाल्यावर माणूस काय काय बंद करू शकतो, याचा ती अंदाज घेत असावी.

समुद्रमार्गे जावे, तर आषाढात कोळी होड्या हाकारत नाहीत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावाचून नाव लोटणे हे पाप आहे, असे द्वारकीच्या आजीच्या तोंडी मीच तीन पाने घातले होते. आतल्या खाडीतून जावे, तर ओहोटीला तेथे कमरेइतका चिखल. जादूने जावे, असे चिरंजीवांनी सुचवले. त्यांच्या पिढीला प्रवास हा प्रश्न वाटतच नाही. परंतु पहिल्या भागाच्या एकशे बाराव्या पानावर, संयमाच्या एका दुर्दैवी झटक्यात, सूर्यास्तानंतर कोणतीही जादू चालत नाही असा नियम मी करून ठेवला होता. एका परीक्षणात त्या नियमाची स्तुती झाली होती, त्यामुळे तो मोडताही येईना.

राहता राहिली भरती. भरतीच्या पाण्यावर आतल्या खाडीतून होडी घालायची, असे ठरवून मी दोन प्रकरणे लिहून काढली, तोच अलिबागेकडच्या एका वाचकाचे पत्र आले. पत्र पोस्टकार्डावर होते आणि अक्षर इतके वळणदार होते की अपमान वाचायलाही बरे वाटत होते. पहिल्या भागात लागोपाठ तीन रात्री ठीक बारा वाजता भरती येते, हे कसे, अशी पृच्छा त्यांनी केली होती. भरती रोज पाऊण तासाने, खरे म्हणजे पन्नासेक मिनिटांनी, पुढे सरकते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा आणि पौर्णिमेला सव्वाअकरा, हा हिशेब किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही येतो. मग आपल्या देवीला तो येत नाही काय? मी आमच्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका काढून ताळा करून पाहिला. तो येत होता. देवीलाही येत असणार. मला तेवढा येत नव्हता. त्या दिवसापासून माझ्या कादंबरीची टिपणे दुधाच्या हिशेबाखाली, दिनदर्शिकेवरच लिहिली जाऊ लागली, आणि एकदा द्वादशीच्या चौकोनात ‘नऊ वाजता खून’ असे वाचून कामाच्या मावशींनी दोन दिवस रजा घेतली.

एक दगड काढला की काय काय कोसळते, याची खरी कल्पना मला पत्नीने दिली. कच्चा खर्डा तिच्याकडे तपासायला असतो. तिसऱ्या प्रकरणात भुकेलेला नावाडी वडापाव खातो, तेथे तिने लाल रेघ मारली. वडापाव दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास सुरू झाला असे सांगतात. स्थानकच नाही, तर बाहेर कशाच्या उभे राहायचे? मी वडापाव काढून तेथे भाकरी घातली. पाचव्या प्रकरणातल्या चाळीवर पुढची रेघ आली. सखल जमीन भरून निघाली, १८५४ साली ताडदेवच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली, मागोमाग परळ-लालबागेत गिरण्यांच्या चिमण्या उठल्या, म्हणून कोकणातून माणसे आली आणि म्हणून चाळी आल्या. चाळ गेल्यावर तिच्यासोबत गॅलरीतली भांडणे, गणपतीतली नाटके, सार्वजनिक नळ आणि मराठी विनोदी लेखकांचे निम्मे भांडवल गेले. येथे मात्र माझा धीर सुटला.

“आणि तुमचे आजोबा संगमेश्वराहून कशासाठी आले होते?” तिने विचारले.

“लालबागच्या गिरणीत.”

“मग हे लिहिलंय कोणी?”

मी गप्प बसलो. तिने पृष्ठक्रमांकाखाली बारीक अक्षरात ‘लेखकाचे पाहावे’ असा शेरा मारला आणि कुकर लावायला गेली.

हे सारे ओझे पिशवीत घेऊन मी गुरुपौर्णिमेच्या सकाळी नेहमीच्या गाडीत चढलो. पाऊस पहाटेपासून कोसळत होता. कुर्ला सोडल्यावर गाडी दोनदा अडखळली आणि शीवच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. पंखे बंद पडले. दारातल्या मंडळींनी खाली वाकून पाहिले आणि रूळ दिसत नसल्याची बातमी आतपर्यंत पोहोचवली. दोन्ही बाजूंना गढूळ पाणी होते, त्यात मधूनच एखादी भिंत, एखादे झाड आणि सिग्नलचा खांब वर आलेला होता. मी जी बेटे अडीचशे पानांत उभी केली होती, ती खिडकीतून फुकट दिसत होती.

“भरती किती वाजता आहे?” भजनी मंडळातल्या एकाने विचारले. टाळ अजून त्यांच्या मांडीवरच होते.

“पौर्णिमा आहे, म्हणजे सव्वाअकरा,” मी म्हणालो. नकळत बोलून गेलो.

“यात बाराच्या पुढे दाखवतायत,” मोबाइलमध्ये डोके घातलेला एक तरुण म्हणाला. “साडेचार मीटरच्या वर.”

“मग ओहोटी लागेपर्यंत पाणी जायचं नाही,” तिसऱ्याने निकाल दिला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य माझ्या पहिल्या भागात माझगावचा म्हातारा तांडेल बोलतो. ते फार अलंकारिक झाल्याची टीका तेव्हा झाली होती.

मी वही काढली. गेली अकरा वर्षे माझ्या शेजारी चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसणारे, विमा खात्यातले गृहस्थ खांद्यावरून वाचू लागले. त्यांनी पहिला भाग विकत घेतलेला आहे, म्हणून मी त्यांना काही म्हणत नाही.

“ही बाई कुठली?” त्यांनी विचारले.

“माहीमची.”

“जायचंय कुठं?”

“कुलाब्याला. पहाटेच्या आत. नाही पोहोचली, तर अनर्थ होईल.”

“पाऊस आहे?”

“आषाढ आहे.”

“आणि भरती?”

“आहे.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “मग नाही पोहोचत हो ती. घ्या, थालीपीठ आहे.”