पाचोळा जाळू नका, राखेचं गणित चुकीचं आहे

कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की सोलापुरात दरवर्षी एक मेसेज फिरतो: 'पाचोळा जाळा, राखेत सगळं खत उरतं. आपल्याकडे पानं कुजत नाहीत, नुसती वाळवी लागते. जंगलातले लोकही जाळूनच शेती करतात.' उसाचं पाचट पेटवणारेही हाच दाखला देतात.

राखेत सगळं उरत नाही. पालाश, कॅल्शियम आणि बराचसा स्फुरद उरतो. नत्र आणि गंधक बहुतांश धुरावाटे जातात, सेंद्रिय कर्ब तर जवळजवळ सगळाच. आपल्या काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसा असतो. तुटवडा असतो तो नत्राचा आणि सेंद्रिय कर्बाचा. म्हणजे नेमकं हवं तेच आपण जाळतो.

जंगलाचा दाखला सर्वांत फसवा, कारण तो अर्धा खरा आहे. ईशान्येकडची झूम शेती घ्या किंवा ॲमेझॉनचं खोरं. तिथल्या बहुतेक जमिनी मुसळधार पावसानं निचरून आम्ल झालेल्या. राख अल्कधर्मी, त्यामुळे आम्लता उतरते आणि दोन-तीन वर्षं पीक साधतं. पुढे जमीन पडीक सोडावी लागते. अशा जंगलात अन्नद्रव्यांचा मोठा साठा मातीपेक्षा झाडांत असतो. गळलेलं पान बहुधा वर्षभरात कुजतं आणि त्यातून सुटलेली अन्नद्रव्यं बुरशी व वरवर पसरलेली मुळं लगेच परत ओढून घेतात. ही देवघेव थांबली की माती उघडी पडते. सोलापूरची जमीन मुळातच चुनखडीची, सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा) बऱ्याच ठिकाणी 8 च्या वर, म्हणजे अल्कधर्मीच. तिला राखेनं आम्लता उतरवून घ्यायची गरजच नाही. उलट सामू वाढला की लोह-जस्त पिकाला आणखी कमी मिळतं.

पानं कुजत नाहीत, हे फक्त उन्हाळ्यापुरतं खरं. ओल नसते म्हणून. तोवर तीच पानं आच्छादन होऊन ओल धरतात आणि पावसाळा लागला की कुजू लागतात. गिरिपुष्पाचा पाला तर नत्र जास्त असल्यानं फार लवकर कुजतो. पाचटात नत्र कमी, म्हणून कुट्टी करून टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायची शिफारस आहे.

राहिली वाळवी. कोरड्या मुलखात वाळलेला पाला फोडून मातीत नेण्याचं मोठं काम तीच करते. रोपांची भीती वाटत असेल तर खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, बाकी पाचोळा तसाच पडू द्या.