देवगिरीचे ताल, बॉस्टनचा पियानो

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पक्ष पडलेत. मामा म्हणतो, गोऱ्यांनी आपले तालही पळवले. मावसभावाची छाती उलट फुगलेली: शेवटी त्यांनाही आपल्याकडेच यावं लागलं ना! विषय भारतीय ताल उचललेल्या, फ्रेंच संगीतकार मेसियाँच्या 'तुरंगलीला'चा. नावाला सिम्फनी, पण सव्वा तासाच्या वर चालणाऱ्या या रचनेत पियानोवाल्याला फारशी उसंत नाही, एका वाद्याला पुढे ठेवणारा कॉन्चेर्टोच म्हणा. २ डिसेंबर १९४९ ला ती पहिल्यांदा वाजली ती आमच्या बॉस्टनमध्ये, वाद्यवृंद-संचालक बर्नस्टाइनच्या हाताखाली.

मेसियाँला 'संगीतरत्नाकर' या जुन्या ग्रंथाच्या कर्त्याचे, शार्ङ्गदेवाचे, १२० देशी ताल मिळाले ते एका फ्रेंच संगीतकोशातल्या तक्त्यात. त्याने लघु-गुरूंची मापं तेवढी उचलली. ठेका, आवर्तन सगळं मागेच राहिलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये पियानोवादक युजा वांगने इथे ती वाजवली तेव्हा मी मांडीवर टाळी धरून पाहिली. वुडब्लॉक (लाकडी ठोकळा) आणि खुळखुळ्यासारख्या मराकांचे आघात लांब-आखूड पडत होते, वर पियानोचा पक्ष्यांसारखा कलकलाट, आणि सम काही सापडेना. चोरी म्हणावी तर मालाची ओळख पटत नाही. शिवाय रागवर्धन, चंद्रकला हे ताल पुण्याच्या मैफलीत तरी मी कुठे ऐकलेत?

इथे बॉस्टनमध्ये यावर कुणी भांडत नाही. पण त्यात मनाचा मोठेपणा बघू नका. मेसियाँ 'हिंदू ताल' म्हणाला, तेवढ्यावर इथल्या श्रोत्यांचं भागतं. शार्ङ्गदेव कोण, हे विचारावंसंच वाटत नाही. त्यापेक्षा मामाचं भांडण मला परवडतं.

फक्त मामाच्या 'आपले'ला एक अडचण आहे. 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असताना लिहिला गेला, हे खरं. पण शार्ङ्गदेवाचा आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेला. ग्रंथाच्या सुरुवातीला शार्ङ्गदेव स्वतःच हे सांगतो. म्हणजे बाहेरून आलेल्या घरातली तिसरी पिढी. कोण इथला आणि कोण उपरा, यावर तिकडे भारतात रोज डोकी फुटतात. माझी मुलगी इथे अमेरिकेत जन्मली, तरी तिलाही 'मूळची कुठली' हे चुकत नाही. शार्ङ्गदेवाला मराठी म्हणायला माझी हरकत नाही. मग हाच हिशेब आजच्या तिसऱ्या पिढीलाही लावा.

हे ग्रुपवर टाकलं तर मामा तापला. छत्रपती संभाजीनगरात महागामी गुरुकुल शार्ङ्गदेव समारोह भरवतं, आणि मामाचं घर त्याच शहरात. विचारलं, "कधी गेलास का रे?" उत्तरादाखल जोडलेल्या हातांचा इमोजी आला.