कानात शिट्टी म्हणजे कॅन्सर? त्या मेसेजबद्दल खुलासा

एक मेसेज फिरतोय की एका कानात सतत शिट्टी वाजत असेल तर आत कॅन्सरची गाठ आहे, लगेच सीटी स्कॅन करून ऑपरेशन करा. हे चुकीचं आहे आणि लोक उगाच घाबरतायत म्हणून लिहितोय.

कानातल्या आवाजामागे बहुतेक वेळा गाठ नसतेच. असलीच तर जास्त करून श्वानोमा असतो, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणाची गाठ, आणि तो कॅन्सर नाही. हळूहळू वाढतो, कित्येकदा वर्षानुवर्षं वाढतही नाही, त्यामुळे लहान गाठीवर ठराविक काळाने एमआरआय करून नुसतं लक्ष ठेवणं हीसुद्धा खरीखुरी ट्रीटमेंट आहे. वाढतोय असं दिसलं तर रेडिएशन किंवा ऑपरेशन, ते साईज, वय आणि ऐकू किती येतंय त्यावर ठरतं.

दुसरं, साध्या सीटीत लहान श्वानोमा सुटू शकतो, त्यासाठी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आणि मग कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय लागतो. सीटी कामाला येतो तो हाड पोखरणाऱ्या गाठींत, जसा एंडोलिम्फॅटिक सॅक ट्यूमर, म्हणजे आतल्या कानाच्या द्रवाच्या पिशवीची गाठ. हा फारच दुर्मिळ, लक्षणं मेनिएर या आतल्या कानाच्या आजारासारखी (चक्कर, कानात आवाज, कमी ऐकू येणं), म्हणून निदान लांबतं, आणि सापडला तर व्हॉन हिप्पेल लिंडाऊ या आनुवंशिक आजाराची टेस्ट करतात कारण दोन्हींचा संबंध आहे.

पण एकाच कानाचं ऐकणं कमी होत असेल तर कृपा करून टाळू नका, आणि अचानक गेलं तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा, स्टिरॉइड लवकर सुरू केली तरच जास्त उपयोग होतो.