आधी ओरडा ऐकावा, मग बोलावं

मॅच पाहायला क्रिकेट कळावं लागतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर तो माणूस कधी पानठेल्यावर उभा राहिलेला नाही. आमच्या कपाशीच्या पट्ट्यात एका मोबाइलवर पंधरा माणसं मॅच पाहतात. मोबाइल सुपारीच्या बरणीला टेकवून ठेवलेला असतो. पंधरापैकी दोघांना क्रिकेट कळतं, आणि ते दोघंही गप्प असतात. तुम्हाला नाव काढायचं आहे ते उरलेल्या तेरा जणांत, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

जागा नीट धरा. समोरच्या बाकड्यावर चुकूनही बसू नका. तिथं बसणाऱ्याला स्क्रीन दिसते, म्हणजे काय झालं ते त्याला खरंखरं माहीत असतं, आणि ज्याला खरं माहीत आहे त्याची फोकनाड मारताना जीभ अडखळते. शिवाय चुन्याची डबी इकडून तिकडं देण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडतं. तुम्ही मागं, कोणाच्या तरी उभ्या मोटरसायकलवर तिरपं टेकून राहा. मॅच दिसणार नाही, पण तुम्ही सगळ्यांना दिसाल. हातात खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू, असू द्या. (राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली. तेव्हापासून आमच्याकडं खर्रा घोटताना पन्नीचा आवाज जरा कमी करतात, बाकी काही फरक नाही.) तोंडात खर्रा असलेला माणूस कमी शब्दांत बोलतो, म्हणून तो जाणकार वाटतो. उगाच नाही आमचे निम्मे जाणकार थुंकायला उठतात तेव्हाच विकेट पडते.

आता मुख्य विद्या सांगतो. ही मी फुकट सांगतोय, जपून वापरा.

गावात मॅच एकाच वेळी येत नाही. सरपंचाच्या वाड्यावर डिशची छत्री लागलेली आहे, तिथं चेंडू आधी पडतो. ठेल्यावरच्या मोबाइलवर तोच चेंडू वीस-पंचवीस सेकंदांनी पडतो, आणि नेट रडत असलं तर त्याहून उशिरा. म्हणजे वाड्यावर गडी बाद होऊन तंबूत परतायला लागलेला असतो तेव्हा ठेल्यावर गोलंदाज अजून पॅन्टला चेंडू घासत असतो. या मधल्या वेळात अख्खं ज्योतिषशास्त्र बसतं. तुम्ही फक्त एक कान वाड्याकडं ठेवायचा. तिकडून ओरडा आला की घाई करू नका. आधी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवा, मान दोनदा हलवा, आणि जमिनीकडं पाहत म्हणा, “हे पोट्टं आता हवेत मारते, पाहा.” पंधरा माणसांच्या डोळ्यांदेखत ते पोट्टं हवेत मारतं. मग तुम्ही काही बोलू नका. लोकच बोलतात.

पण ओरडा ओळखता आला पाहिजे, नाहीतर तोंडावर पडाल. चौकाराचा ओरडा आखूड असतो, मध्येच तुटतो, कारण लगेच पुढचा चेंडू पाहायचा असतो. समोरच्याचा गडी बाद झाला की ओरडा लांबतो, त्यात पोरांच्या शिट्ट्या मिसळतात, आणि एखादा म्हातारा उगाच कुत्र्याला हाकलतो. आपला गडी बाद झाला तर ओरडा येतच नाही. तेव्हा वाड्यावरून भांड्यांचा आवाज ऐकू येतो, कारण पाहणारे उठतात आणि वहिनी जेवणाची ताटं मांडायला घेतात. भांडी वाजली की खुशाल म्हणा, “विराट जाते आता. काही खरं नाही.” माझंही एकदा चुकलं, ते लपवत नाही. पावसाळ्यात लांब, शिट्ट्यांचा ओरडा ऐकून मी छातीठोकपणे “गेली दांडी” म्हणालो. समोरच्या फलंदाजानं पुढच्या तीन चेंडूंत दोन चौकार मारले. ओरडा वाड्याकडचा नव्हताच, हापशीवर साप निघाला होता. त्यानंतर दोन महिने मला ठेल्यावर “काय म्हनते साप?” असं विचारत होते.

व्याकरणही सांभाळा. ठेल्यावर भविष्यकाळ धोक्याचा. बोललात तर दोन्ही टोकं धरून बोला: “मारंल, नाही तर जाईल.” सगळ्यात सुरक्षित काळ म्हणजे पूर्ण भूतकाळ. “सांगतलं होतं ना मी!” यात कोणाला, कधी, काय सांगितलं होतं, हे विचारायची आमच्याकडं रीत नाही. विचारणारा शिकलेला समजला जातो आणि त्याच्याकडं लोक मग बँकेचे फॉर्म घेऊन येतात.

एवढ्यानं तुम्ही जाणकार झालात. पण मोठं व्हायचं असेल तर तुम्ही ‘तिथं’ असायला हवं होतं. ‘तिथं’ म्हणजे नागपूर. आमच्या ठेल्यावरचे आबाजी ३१ ऑक्टोबर १९८७ ला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर होते. त्या दिवशी गावसकरनं न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ काढले. वन डेतलं त्याचं एकमेव शतक, आणि तेही त्याच माणसाचं, ज्यानं १९७५ च्या विश्वचषकात ६० षटकं खेळून ३६ केले होते. त्याच सामन्यात चेतन शर्मानं ओळीनं तिघांच्या दांड्या उडवल्या, विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक. हे सगळं घडलं, त्यात खोट नाही. आबाजी तिथं होते की नाही एवढाच प्रश्न आहे. तिकीट दाखवा म्हटलं तर ते बकरीनं खाल्लं. बकरी कुठं म्हटलं तर ती त्याच वर्षी बाजारात विकली. अशा माणसाशी वाद घालू नका. त्याच्या शेजारी उभे राहा आणि आपली २०११ ची गोष्ट काढा.

१२ मार्च २०११, विश्वचषक, नागपूरजवळचं जामठा, समोर दक्षिण आफ्रिका. तेंडुलकरचं शतक, एक बाद २६७, आणि तिथून सगळे मिळून २९६. म्हणजे २९ धावांत नऊ गडी. आमच्याकडं सोयाबीनला येलो मोझॅक लागतो तोसुद्धा इतक्या वेगानं पसरत नाही. शेवटच्या षटकात त्यांना १३ हव्या होत्या, चेंडू नेहराच्या हातात गेला आणि मॅचही गेली. “नेहराले ओव्हर काहून देल्ली?” हा प्रश्न आमच्या गावात अजून जिवंत आहे. लग्नाच्या पंगतीत निघतो, मयतीला निघतो, एकदा तर जमिनीच्या मोजणीला आलेल्या माणसासमोर धुऱ्यावर निघाला. जामठ्याचं स्टेडियम ४५ हजारांचं आहे, पण त्या दिवशी तिथं बसलेली माणसं मी आमच्या एका तालुक्यातच त्याहून जास्त मोजली आहेत. तुम्हीही बसलेले होतात. कुठल्या स्टँडमध्ये असं कोणी विचारलं तर “उन्हाच्या बाजूले” म्हणा. मार्चमध्ये नागपुरात सगळीकडंच ऊन असतं.

रणजीचं नाव मात्र ठेल्यावर काढू नका. मी काढलं होतं. म्हटलं, आपला विदर्भ १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकला, फायनलमध्ये गुरबानीनं हॅटट्रिक घेतली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, २०२५ मध्ये तिसऱ्यांदा. लोकांनी माझ्याकडं असं पाहिलं जणू मी ग्रामसभेचं इतिवृत्त वाचून दाखवतोय. एकानं मात्र चौकशी केली.

“२०२५ मंधी हारलं कोन?”

“केरळ. म्हणजे हरले नाहीत, मॅच ड्रॉ झाली.”

“मंग कप आपल्याले काहून देल्ला?”

“पहिल्या डावात आपल्या ३७ धावा जास्त होत्या.”

“मंग बाकीचे दिवस काय करून रायले होते?”

याला उत्तर नाही. त्या मोसमात आपल्या हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, कुठल्याही एका रणजी मोसमातला विक्रम, हे मी सांगणार होतो. तेवढ्यात दुसऱ्यानं उमेश यादवची गोष्ट काढली आणि सगळे तिकडं वळले. खाणकामगाराचा हा पोरगा विदर्भाकडून खेळून भारताच्या कसोटी संघात गेला, एवढी गोष्ट कोणालाही पुरली असती. ठेल्यावर पुरत नाही. तिथं प्रत्येकाचा एक साळभाऊ उमेशच्या खापरखेड्याकडं आहे आणि उमेशनं पहिला वेगवान चेंडू त्या साळभावाच्या अंगणात टाकला आहे, गोठ्याच्या भिंतीवर. भिंतीची खूणही आहे म्हणतात. तुमचा साळभाऊ नसेल तर एखादा जोडून घ्या, इकडं सोयरीक काढायला फार खोलात जावं लागत नाही.

पोरींच्या मॅचबद्दल काय मत ठेवावं, असं मला एका तरुणानं विचारलं होतं. सोपं आहे. विश्वचषकाच्या सेमी फायनलपर्यंत “बायकांची मॅच काय पाहाची” म्हणायचं. जेमिमा ऑस्ट्रेलियासमोर नाबाद १२७ करते तेव्हा खोकायचं. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री कप आला की “आपल्या पोरी!” म्हणून सगळ्यांत आधी उभं राहायचं. त्या रात्री उभं राहिलेल्यांपैकी एकाची भाची शाळेच्या संघात लेगस्पिन टाकते, हे त्याला त्या आठवड्यात कळलं.

आता राहिला पनौतीचा विषय, आणि हा मी मुद्दाम मागं ठेवला. आपण हरलो तर दोष कोणावर तरी टाकावा लागतो. कर्णधार लांब असतो, त्याला ऐकू जात नाही. म्हणून प्रत्येक ठेल्याला आपली पनौती पोसावी लागते. माणूस निवडताना तो भांडखोर नसावा, उधार मागणारा नसावा, आणि नेमका उशिरा येणारा असावा. आमचा असा आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाची अहमदाबादची फायनल सुरू होती. हा दुपारी कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशेब करून आला आणि बाकड्यावर बसला. तो टेकला आणि रोहितनं हवेत मारलेला चेंडू ऑस्ट्रेलियाच्या त्या हेडनं मागं पळत जाऊन धरला. रोहित ४७. नंतर त्याच हेडनं १३७ कुटल्या. २४० धावांत काय होते, खेळपट्टी कशी होती, दव पडलं का, हे ते गप्प बसणारे दोघं हळू आवाजात बोलत होते. पण ठेल्याचा निकाल लागून गेला होता. “हा बसला तवाच गेलो आपन.” त्यानं एकदाच विचारलं, “मी कुठी बॅट धरली बे?” मग घरी गेला.

२९ जून २०२४, शनिवार. टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल रात्री आठला सुरू होणार होती, समोर दक्षिण आफ्रिका. संध्याकाळीच चौघं त्याच्या घरी गेले आणि लय आपुलकीनं म्हणाले, “भाऊ, तुह्यं सोयाबीन परवा पेरून झालं. डुकरं उकरतीन. आज जागल करजो.” त्याला कळलं. तो बॅटरी आणि घोंगडी घेऊन वावरात गेला. जाताना म्हणाला, “कोनी स्कोर तरी सांगजा.” सगळे हाव म्हणाले. कोणी सांगितला नाही.

सामना तुम्हाला माहीत आहे. क्लासेन असा सुटला होता की आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, आणि ठेल्यावर नेहराचा प्रश्न पुन्हा निघाला होता, नेहरा त्या मॅचमध्ये नसूनही. मग क्लासेन गेला, बुमरानं गळा आवळला, आणि शेवटच्या षटकात १६ राहिल्या. पंड्याच्या हातात चेंडू, समोर मिलर. पंधरा माणसांनी श्वास धरला. मोबाइलवर पंड्या अजून क्षेत्ररक्षण लावत होता तेव्हा वाड्यावरून ओरडा आला. लांब, शिट्ट्यांचा. मी तोंड उघडणार तोच ठेलेवाला ओरडला, “कोनी बोलला तर पाहा! पाहू द्या!”

पंड्या धावला. मिलरनं उचलला. चेंडू लाँग ऑफकडं वर गेला, सूर्यकुमार सीमारेषेकडं धावतोय एवढं दिसलं, आणि स्क्रीन काळी होऊन तिच्यावर हिरवं-लाल गोल बटण आलं. वर नाव आलं: पनौती.

ठेलेवाल्यानं लाल बटण दाबायला जाऊन हिरवं दाबलं.

“अबे, हा लंबा ओरडा आला ना वाड्याकडून! मिलर गेला का? जितलो ना आपन?”

पंधराजण एका तोंडानं जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. नेट परत यायला वेळ लागला. तोवर सूर्यानं चेंडू आत फेकून, स्वतः बाहेर जाऊन, परत आत येऊन तो धरलेला होता आणि आपण सात धावांनी जिंकण्याच्या बेतात होतो. तो झेल आमच्या ठेल्यानं आजवर शेकडो वेळा पाहिला, पण थेट एकदाही नाही. अर्थात बाहेरगावच्या माणसाला विचारू नका, आम्ही सगळ्यांनी तो थेटच पाहिलेला आहे.

सकाळी तो ठेल्यावर आला. घोंगडी खांद्यावर तशीच.

“मी वावरात होतो म्हनून जितलो,” तो म्हणाला.

“होय ना भाऊ.”

“फोन लावाले मी नाल्याच्या टेकडावर गेलतो, खाली रेंज येत नाई. तेवढ्यात दोन ओळी उकरल्या डुकरायनं. भरपाई कोन देते?”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ठेलेवाल्यानं एक खर्रा घोटला, पन्नी बांधली, त्याच्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत. पुढच्या फायनलच्या जागलीचा विसार म्हणून.