जुन्या कपड्यांची पोती आता पुरे

कुठे गोळीबार, जाळपोळ झाली, माणसं छावणीत गेली, की संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो: जुने कपडे, धान्य, औषधं क्लबहाउसमध्ये आणून ठेवा. मन मोठं आहे, पण पद्धत साफ चुकीची.

मणिपूरचंच घ्या. 3 मे 2023 ला तिथे मैतेई आणि कुकी-झो या दोन समाजांत हिंसाचार उसळला आणि साठेक हजार लोकांची घरं सुटली. मैतेईंच्या छावण्या इंफाळ खोऱ्यात, कुकी-झोंच्या चुराचांदपूर, कांगपोक्पीसारख्या डोंगराळ जिल्ह्यांत, आणि मधली हद्द ओलांडायला ड्रायव्हर धजेना. त्यामुळे पुण्याहून इंफाळला गेलेला ट्रक चुराचांदपूरला पोचत नव्हता. तिथला माल मिझोराममधून, आयझॉलमार्गे जायचा, कांगपोक्पीचा नागालँडमधल्या दिमापूरकडून. नुसतं 'मणिपूरसाठी' लिहिलं की निम्मी माणसं पहिल्याच दिवशी यादीतून गळली. शिवाय दोन्हीकडे भात खातात. आपल्या ज्वारीच्या पिठाचं तिथे कोण काय करणार?

म्हणून आधी छावणी चालवणाऱ्याला फोन, मग खरेदी, तीही शक्यतो गुवाहाटी किंवा आयझॉलला. हिशेब सोपा आहे. मदतकार्याच्या 'स्फिअर' मानकांनुसार माणशी महिन्याला अंगाचा साबण 250 ग्रॅम आणि कपड्यांचा 200 ग्रॅम लागतो. पाच जणांची 100 कुटुंबं असली, तर अनुक्रमे 125 आणि 100 किलो. पैसे पाठवले तर हे तिथेच मिळतं, तीन हजार किलोमीटरचं भाडं वाचतं.

माल इथूनच न्यायचा असेल तर एका खोक्यात एकच वस्तू. वजन 15 ते 20 किलो, म्हणजे एकट्याला उचलता येतं. नग, माप आणि छावणीचं नाव तीन बाजूंना लिहा. खोकी रचली की वरची बाजू दिसत नाही. सरमिसळ मालाची पोती छावणीत कोणी निवडत बसत नाही, ती पावसात कुजतात. जुन्या साड्यांसाठी बोहारीण आहेच की!

औषधांच्या अर्धवट स्ट्रिपा तर नकोच. 1992 ते 1996 मध्ये युद्धानं होरपळलेल्या बोस्नियात मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त निरुपयोगी निघाली आणि त्यांची विल्हेवाट लावणं हाच मोठा खर्च होऊन बसला.

दुधाच्या पावडरीबद्दल मात्र हट्टानं सांगतो: परस्पर वाटू नका. पाणी खात्रीचं नाही, बाटली उकळायला इंधन नाही, बाळाला जुलाब होतात. वर आईचं दूध आटतं. आई नसलेल्या बाळाचं काय ते तिथल्या नर्सनं ठरवावं. बाकी आयांना जास्तीचं जेवण द्या, आणि शाळेच्या हॉलमधल्या छावणीत आडोसा करून पाजायला दोन चादरी नि दोरी.