युवा संस्था काढायची आहे? मग हे वाचाच

नागपुरात युवा संस्था काढायचं मनात असेल तर थांबू नका. गेल्या आठवड्यात भाचीला तीन दिवस अशाच एका संस्थेच्या 'माध्यम व नेतृत्व प्रशिक्षण शिबिरा'त नेऊन-आणून मला या धंद्याची चांगलीच माहिती झाली आहे. दीड हजार रुपये फी तिने भरली, अनुभव मामाने घेतला. तो तुम्हाला फुकट देतो.

आधी अध्यक्ष ठरवा. २०१४च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९ वर्षं असं लिहिलंय. ते धोरण दिल्लीत सुखी राहो. आपल्याकडे डोक्यावर टक्कल आणि घरी दहावीतला मुलगा असला तरी 'भाऊ' युवाच. संस्था नोंदवायला निदान सात जण लागतात. तुम्ही, वहिनी आणि दोन मेहुणे मिळून चार झाले. उरलेले तीन पानठेल्यावर सापडतील.

१२ जानेवारी कधी सोडू नका. विवेकानंद जयंती, जिजाऊ जयंती आणि युवा दिन, तिन्ही एकाच मंडपात.

पैशाची काळजी नको. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. अर्जात 'सक्षमीकरण' हा शब्द दर ओळीत एकदा तरी पेरा.

शिकवायचं काय, हा प्रश्न फार कोणी विचारत नाही. मोबाइल उभा धरावा की आडवा, यावर दीड तास आरामात जातो. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, महापालिकेचं बजेट कसं वाचायचं, असल्या भानगडीत पडू नका. पोरं खरंच अर्ज करतील.

नाश्त्याला तर्री-पोहे. तर्री संपली तरी फोटोत कळत नाही.

आणि समारोपाला पाहुणे उशिरा बोलवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या पत्रिकेत चार वाजता होतं, पाहुणे आले पावणेसातला. मे महिना, वर पत्रे, आणि हॉलमधले दोन्ही कूलर स्टेजकडे तोंड करून. काटोल-उमरेडच्या पोरी एस्टीची वेळ बघत होत्या, आणि सूत्रसंचालक दर दहा मिनिटांनी 'पाहुणे निघालेले आहेत' सांगत होता. पाहुणे आले, मग सत्कार सुरू झाले. मी मोजले, १९. मंडपवाल्याचा झाला, साउंडवाल्याचा झाला, ज्याने पाहुण्यांना आणलं त्या ड्रायव्हरचाही झाला. त्याचा झाला याचा मला आनंदच आहे, दिवसभरात काम केलेला तो एकटाच. सत्कार आटोपले आणि सूत्रसंचालकाने जाहीर केलं की 'वेळेअभावी' मुलांचे व्हिडिओ दाखवता येणार नाहीत.

तीन दिवस पोरांनी जे केलं, तेवढंच वगळलं.

भाचीचा व्हिडिओ मी आदल्या रात्री पाहिला होता. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी लेआउटमध्ये पाणी शिरलं, तिथल्या एका आजींचा. भिंतीला दोनदा रंग दिला तरी पाण्याची रेघ वर येतेच. देव्हाऱ्याच्या बाजूला त्या रेघेवर आजी बोट ठेवतात आणि सांगतात, ''इथवर. फ्रीज तरंगत होता.'' चार मिनिटांचा, कॅमेरा थोडा हललेला, पण बघणाऱ्याची नजर हलत नाही. यावर संस्थेचे अध्यक्ष भाऊ काय म्हणाले? ''बेटा, बनवलं तं छान, पण निगेटिव्ह वाटून राहिलं. संत्र्यावर कर ना काही!''

बरं, नाही आवडला. मग शेवटी संस्थेची जी रील चालवली, तिच्यात त्याच व्हिडिओतले तीन शॉट कुठून आले? आजींचा आवाज काढलेला, खाली ढोल-ताशा, वर 'बदलतं नागपूर'. पोरीचं नाव कुठेच नाही. ती प्रश्न विचारायला उभी राहिली तर माइक पुढे सरकला, ''ताई, चिठ्ठीवर लिहून द्या.'' चिठ्ठी गेली पाहुण्यांच्या पीएच्या खिशात.

पाहुण्यांच्या भाषणात बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चं नाव तीनदा आलं. ३१ जानेवारी १९२०ला सुरू झालेलं ते पाक्षिक, ज्यांना कोणी बोलू देत नव्हतं त्यांच्यासाठी. ते नाव घ्यायचं, आणि समोर पन्नास पोरं मुकी बसवायची. लाज वाटत नाही?

कॉलेजातल्या थेट निवडणुका १९९४च्या विद्यापीठ कायद्याने गेल्या. २०१६च्या कायद्याने कागदावर परत आल्या, २०१९ला तारखा लागल्या, त्याही पुढे ढकलल्या. महापालिकेची मुदत मार्च २०२२ला संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रभागात जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. या शहरातल्या वीस वर्षांच्या पोरांनी नेतृत्व बघायचं कुठं, फ्लेक्सवर? त्यांना खरंच काही शिकायचं असतं म्हणून ती बापाकडून दीड हजार मागून येतात. भाऊ, तुम्हाला पोरं नको आहेत, भरलेल्या खुर्च्या पाहिजेत. तसं सांगा, मंडपवाला पुतळे देईल. तो तेवढा प्रामाणिक आहे.

भाचीचे तीन शॉट रीलमधून काढा, नाहीतर खाली तिचं नाव टाका. आणि प्रमाणपत्र पुन्हा छापून द्या. 'युवा नेत्रुत्व' असं छापलंय त्याच्यावर, आणि तिला ते कॉलेजात जमा करायचं आहे.