नर्सने प्रश्न विचारले तर बिघडतं कुठे?

आमच्या जुन्या नर्सिंग बॅचच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. एकीने टाकलं की कॅन्सर वॉर्डातल्या नर्सेसना रिसर्चचं ट्रेनिंग मिळायला हवं, त्यावर लगेच उत्तर, "सलाईन लावायला माणूस नाही आणि यांना पीएचडी सुचतेय." खाली थम्सअपची रांग. लावणाऱ्या सगळ्या नर्सेसच, एकही डॉक्टर नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मी इथे इंग्लंडमध्ये कॅन्सर सेंटरला रिसर्च नर्स आहे, बँड सिक्स म्हणजे इथल्या पगारश्रेणीत सिनियर नर्सच्या पातळीवर. नव्या उपचारांच्या ट्रायलसाठी पेशंटची संमती घेणं, सॅम्पल, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी हे माझं काम, म्हणजे डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं गोळा करणं. पण आमच्याच युनिटमधली एक सीएनएस, म्हणजे एकाच आजारातली तज्ज्ञ नर्स, एनआयएचआर या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या फेलोशिपवर स्वतःचा प्रश्न घेऊन पीएचडी करतेय. अर्धा आठवडा क्लिनिक, अर्धा रिसर्च, तिच्या जागी बदली नर्स येते, म्हणून कुणी नाक मुरडत नाही. वेकन्सी इथेही आहेत हो, हँडओव्हरला रोज रडारड असते, पण म्हणून तिला कुणी परत बोलावलं नाही.

पहाटे तीनला केमोने तोंड सोलवटलेला पेशंट पाणीसुद्धा गिळू शकत नाही, हे कोण बघतं? आपणच ना. फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध शिरेतून एकदम देताना (बोलस) अर्धा तास तोंडात बर्फ धरला तर हा त्रास कमी होतो, हे आता गाइडलाइनमध्ये आहे. हा प्रश्न मुळात बेडशेजारचा आहे. मेरी बाकिटास स्वतः नर्स, त्यांची अमेरिकेतली ट्रायल २००९ मध्ये छापून आली. कॅन्सर पुढे गेलेल्या ३२२ पेशंटपैकी निम्म्यांशी नर्सेस फोनवरून बोलायच्या, त्रास कसा सांभाळायचा ते शिकवायच्या. लक्षणांची तीव्रता फारशी कमी झाली नाही, पण जगण्याची प्रत आणि मनःस्थिती सुधारली. फोनवरून! लांबच्या गावांतून येणारे पेशंट कुणाकडे जास्त आहेत, सांगा बरं.

आणि आपल्याकडे होत नाही म्हणू नका. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात ट्रेनिंग घेतलेल्या नर्सेसनी ॲसिटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले, २००७ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलंय. हात नर्सेसचेच होते ना? मग प्रश्न ठरवायच्या टेबलावर पण त्यांना बसवा.

आपल्या एमएससीचे प्रबंध आठवा. "स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता", प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट, काळं बाइंडिंग, लायब्ररीचं कपाट. त्याला मी ट्रेनिंग म्हणत नाही. ड्यूटीतून मोकळे तास, आकडेवारी समजावणारं माणूस आणि पेपरवर स्वतःचं नाव, एवढं मिळालं तर वॉर्डातली हुशार मुलगी कुठल्या कुठे जाईल. भारतात मी जिथे काम करायचे तिथे माझ्या नोंदवहीतल्या नोंदी एका पेपरमध्ये गेल्या, माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं. अजून राग आहे मला त्याचा.

"तिकडे बसून बोलणं सोपं आहे," असं ग्रुपवर एकीने सुनावलंच. सोपं नाहीये. तोंडाच्या कॅन्सरचे जेवढे पेशंट मी भारतात सांभाळले तेवढे इथे दिसतच नाहीत. टीम मीटिंगला नवीन आयडिया मागतात तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं येतं ते राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी जेवणाची नळी, घेऊन घरी गेलेल्या माणसाचं काय होतं, ट्यूब निघाली तर तो किती लांबून परत येतो, की येतच नाही. इथे तो प्रश्न मांडून उपयोग नाही, इथे डिस्ट्रिक्ट नर्स, म्हणजे त्या भागातली घरोघरी फिरणारी नर्स, पेशंटच्या घरी जाते. मग मी गप्प बसते, आणि त्या खोलीत मला अगदी परकं वाटतं, इतकी वर्षं झाली तरी.

सलाईनवाला मेसेज लिहिणारी मैत्रीण हेड अँड नेक वॉर्डाची इन्चार्ज आहे. तिला मी वेगळं लिहिलंय की बाई, महिन्याला किती ट्यूब निघून परत येतात हे तुझ्या रजिस्टरमध्ये आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही. तू मोज, एथिक्स कमिटीच्या परवानगीचा अर्ज मी बसून तुझ्याबरोबर लिहिते, आणि पेपरवर पहिलं नाव तुझं.